मेनू आवरणाऱ्या ताईंना

सांगली

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

ठिबक-कंट्रोलरच्या फर्मवेअरचा (बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू तुम्ही आवरलात, त्याबद्दल इथल्या आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. मेनूकॉन्फिग, म्हणजे फर्मवेअरमध्ये काय हवं-नको ते निवडायचा पडदा, उघडलं की आता हवं ते सापडतं, यावर अजून विश्वास बसत नाही.

आधी तक्रार केली की उत्तर ठरलेलं असायचं : ज्याला कळतं त्याला सापडतं. एकाने तर जे कुठेच बसेना ते सगळं 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये कोंबलं आणि काम झालं म्हणून सांगितलं. तुम्ही मुळाशी गेलात. लोरा रेडिओचे (दूरवर थोडा डेटा पाठवणाऱ्या बिनतारी यंत्रणेचे) पर्याय मुख्य यादीत सांडले होते, कारण रेडिओची नोंद आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदी यांच्या मध्ये डीबग पोर्टची (चुका शोधायच्या जोडणीची) नोंद घुसली होती. हा मेनू बनवणारं केकॉन्फिग लागोपाठ आलेल्या अवलंबून नोंदींचाच उपमेनू करतं. मध्ये परकी नोंद आली की साखळी तुटते. ती नोंद खाली नेली आणि सगळं जागेवर बसलं. एक पर्याय निवडला की दुसरा आपोआप चालू करणाऱ्या 'सिलेक्ट'चंही तसंच. तो समोरच्या पर्यायाच्या अटी न बघता त्याला चालू करतो, आणि मग बिल्ड, म्हणजे कोडपासून फर्मवेअर बनवणं, नको तिथे कोसळतं. दिसणाऱ्या पर्यायांना तुम्ही 'डिपेंड्स ऑन' (अट पुरी झाली तरच पर्याय दिसतो) लावलंत. 'सिलेक्ट' ज्यांना प्रॉम्प्ट (मेनूत दिसणारी ओळ) नाही आणि अटीही नाहीत अशा पर्यायांपुरताच ठेवलात.

पर्यायांची आतली नावं मात्र एकही बदलली नाहीत. नाव बदललं की जुन्या कॉन्फिग फाइलीतली (निवडलेले पर्याय साठवणाऱ्या फाइलीतली) ती ओळ गळून पडते आणि नव्या नावाला डीफॉल्ट (आधीपासून ठरलेली) किंमत लागते. शेतात चालू असलेल्या बोर्डांना हे परवडलं नसतं. आधीच्या आणि नंतरच्या फाइली सॉर्ट करून (क्रमाने लावून) डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक, काढलात हेही बरं केलंत, कारण मेनू हलला की फाइलीतल्या ओळींचा क्रमही हलतो.

पण सगळ्यात भिडली ती मदतीची ओळ. वॉचडॉगवर (प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड पुन्हा सुरू करणाऱ्या पहारेकऱ्यावर) प्रश्नचिन्ह दाबलं की पूर्वी फक्त 'वॉचडॉग सुरू करतो' एवढंच यायचं. आता येतं : 'बंद ठेवलात आणि प्रोग्रॅम अडकला, तर रिले चालूच राहील आणि वॉल्व्ह उघडा राहील. शंका असेल तर वाय.' म्हणजे चालूच ठेवा. द्राक्षाला मणी भरताना रात्रभर पाणी सुटलं तर काय होतं, ते तासगावकडच्या कुणालाही विचारा, मणी तडकतात. लोराच्या खालीही तसंच, भारतासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, शंका असेल तर हेच ठेवा. नवख्या पोराला कमी न लेखता, कारणासकट सांगणं ही माणुसकी आहे ताई, आणि ती कोडमध्ये फार क्वचित भेटते. असं लिहिणारं माणूस शेजारी बसून समजावतंय असं वाटतं.

प्रेशर सेन्सरचा मेनू अजून तसाच पडलाय. हात घालणार असाल तर कळवा. मिरज आणि तासगाव भागातल्या बोर्डांच्या कॉन्फिग फाइली आम्ही गोळा करून पाठवतो, आणि प्रत्येक बदलानंतर बिल्ड करून बघायची जबाबदारी आमची.

आपले,
सांगलीचे सहकारी