एचआयव्ही रुग्णांच्या वीस वर्षांची नोंद कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या, सुमारास एचआयव्हीसंबंधीची जी आकडेवारी छापून येते, तिच्यात किती जणांना आपल्या संसर्गाची माहिती आहे, त्यांपैकी किती जण उपचार घेत आहेत आणि किती जणांच्या रक्तातील विषाणू आटोक्यात आहे, एवढे सांगितलेले असते. ९५-९५-९५ हे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्टही याच तीन पायऱ्यांचे, प्रत्येक पायरीवर ९५ टक्के गाठण्याचे, आहे. सांगली जिल्ह्यातील एका एआरटी (एचआयव्ही विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) केंद्रात अनेक वर्षे समुपदेशक म्हणून काम केल्यामुळे मला यातली एक उणीव खटकते. गोळ्या सुरू झालेल्या माणसाचे दहा किंवा वीस वर्षांनी काय झाले, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी देण्यास १ एप्रिल २००४ रोजी प्रारंभ झाला. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. तेव्हाच्या गोळीतील स्टॅव्हुडीनने असंख्य जीव वाचवले, परंतु काही वर्षांत रुग्णाचे गाल बसत, हातापायांवरची चरबी झडे आणि तळपायांना सतत मुंग्या येत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. पुढे टेनोफोविर आले, ज्यात मूत्रपिंडावर आणि हाडांवर लक्ष ठेवावे लागते, आणि आता डोल्युटेग्राव्हिर आहे, ज्यावर काहींचे वजन वाढते. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत केंद्रात आलेली आणि आज पन्नाशी ओलांडलेली बाई औषधांच्या दोन-तीन पिढ्या पचवून बसली आहे. तिला जडलेला मधुमेह वयाचा, औषधांचा, की विषाणू दबलेला असतानाही शरीरात धुमसत राहणाऱ्या दाहाचा, याचे उत्तर शोधायचे तर तिच्यासारख्या हजारो जणांची सलग नोंद हवी.

अन्यत्र अशी नोंद ठेवली गेली आणि तिचा उपयोगही झाला. स्वित्झर्लंडमध्ये १९८८ पासून रुग्णांचा असा दीर्घकालीन पाठपुरावा चालू आहे. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील रुग्णसमूह एकत्र करून १९९९ साली सुरू झालेल्या पाहणीतून अबॅकॅव्हिर हे एचआयव्हीवरील औषध आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध २००८ साली पुढे आला. वर्ष-दोन वर्षांच्या औषध चाचणीत तो दिसणे कठीण होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १२ देशांतील ७,७६९ एचआयव्हीबाधितांवरील चाचणीत पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार ३५ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या केंद्रांत ही गोळी कोणाला द्यावी हे ठरवायचे, तर आपल्या रुग्णांचा रक्तदाब, साखर आणि धूम्रपान यांची माहिती आधी हाताशी असावी लागेल.

दुसरा मुद्दा भागाकाराचा आहे. समजा, १०० जणांनी उपचार सुरू केले, काही वर्षांत त्यांतील ३० जण येईनासे झाले आणि उरलेल्या ७० पैकी ६६ जणांचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) दबलेला आढळला. केंद्राच्या अहवालात हे यश ९४ टक्के दिसेल, परंतु सुरुवातीच्या १०० जणांच्या हिशेबाने ते ६६ टक्केच ठरते. त्या ३० जणांपुढे ‘एलएफयू’ (‘लॉस्ट टू फॉलो-अप’, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेले) ही तीन अक्षरे पडतात. त्यांतील कोणी ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेले असते, कोणी उपचारांच्या नोंदीचे हिरवे पुस्तक दाखवून दुसऱ्या केंद्रात नाव घालते, कोणी माहेरी जाऊन गोळ्याच सोडते, तर कोणी दगावलेले असते आणि घरच्यांनी मृत्यूचे कारण ‘ताप’ असे सांगितलेले असते. (आम्ही फोन लावायचो तेव्हा निम्मे क्रमांक बंद असत, आणि घरी जायचे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना संशय येणार नाही अशा बेताने.) युगांडातील म्बरारा येथे अशा बेपत्ता रुग्णांमधून काही जण निवडून त्यांचा कसून शोध घेण्यात आला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण कागदावरील नोंदीच्या कितीतरी पट निघाले. सगळ्यांना शोधणे परवडणारे नसेल, तर ही पद्धत आपल्याकडेही वापरता येईल.

गोपनीयतेचा आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याने रुग्णाची माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे आणि ती सैल होता कामा नये. परंतु नाव-पत्ता काढून सांकेतिक क्रमांकावर ठेवलेली नोंद आणि गावात फुटलेली बातमी यांत फरक आहे, आणि रुग्णांना तो समजतो. नीट समजावून सांगितल्यावर संमती देणारेच मला अधिक भेटले.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ‘सोच’ ही संगणकप्रणाली केंद्रांत आहेच. तिच्यात जुन्या कागदी कार्डांवरील पहिल्या दिवसापासूनची औषधे चढवावीत. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि (मूत्रपिंडाचे काम कळावे म्हणून) क्रिएटिनिन नोंदवावे. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झाली की नाही हेही लिहावे, कारण एचआयव्हीबाधित स्त्रियांना त्याचा धोका सुमारे सहापट असतो. राज्य एड्स नियंत्रण संस्थेने त्या-त्या वर्षी उपचार सुरू केलेल्या तुकडीचा हिशेब वेगळा प्रसिद्ध करावा: किती हयात, किती मृत आणि कशाने, किती जणांचा पत्ता नाही. या कामासाठी प्रत्येक मोठ्या केंद्रात एक स्वतंत्र नोंदनीस लागेल; समुपदेशकाने दिवसभर रुग्ण पाहून संध्याकाळी जमेल तशी माहिती भरायची, या सध्याच्या रीतीने ते होणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त समुपदेशक, सांगली जिल्हा