खर्चाची यादी म्हणजे हिशोब नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या अर्थविषयक पानावर 'रोजचा खर्च लिहून ठेवा' हा सल्ला नेहमी येतो आणि सल्ला चांगलाच आहे, पण लिहायचं म्हणजे नेमकं कसं हे कुणी सांगत नाही, मग लोकं एखादं अ‍ॅप घेतात, आज इतके गेले उद्या तितके गेले अशी यादी करत बसतात आणि महिनाअखेरीला बँकेतला आकडा एक आणि अ‍ॅपमधला भलताच. दोन महिन्यांत कंटाळा येतो आणि सगळं बंद. ह्यात दोष आळसाचा नाही, यादीचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ह्यावर चांगला उपाय ओपन सोर्सवाल्यांनी (म्हणजे प्रोग्रामचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणाऱ्यांनी) कधीचाच करून ठेवलाय, फुकट, म्हणून हे पत्र.

ग्नूकॅश हे सॉफ्टवेअर १९९८ पासून आहे. लेजर (ledger, म्हणजे खातेवही) हे सॉफ्टवेअर २००३ मध्ये आलं, आणि त्याच्या वळणावर पुढे एचलेजर आणि बीनकाउंट आले. दिसायला ही सगळी वेगवेगळी, ग्नूकॅशमध्ये खिडक्या-बटणं आहेत तर बाकीच्या तिघांत हिशोब साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा, पण आतला नियम सगळ्यांचा एकच: पैसा कुठून आला आणि कुठे गेला ही दोन्ही टोकं लिहिल्याशिवाय व्यवहार पूर्ण होत नाही. म्हणजे आपली द्विनोंदी पद्धत, जी लुका पाचोलीने १४९४ मध्ये छापील पुस्तकात मांडली.

खाती पाच जातींची. मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च. त्यांच्या पोटात पोटखाती, फोल्डरमध्ये फोल्डर असावा तशी, आणि खालच्या खात्यांची बेरीज आपोआप वरच्या खात्यात दिसते.

आता व्यवहार बघा, खरी गंमत इथे आहे. समजा पगार १०००, त्यातून १०० कर कापला, ५० निवृत्ती फंडात गेले आणि ८५० बँकेत आले. यादीवाल्या अ‍ॅपमध्ये तुम्ही ८५० जमा लिहिता आणि विषय संपला. इथे हा एकच व्यवहार पण त्याचे चार भाग पडतात (ग्नूकॅश त्यांना स्प्लिट म्हणतं): बँक अधिक ८५०, कर अधिक १००, निवृत्ती फंड अधिक ५०, पगार उणे १०००. बेरीज शून्य, आणि प्रत्येक व्यवहारात ती शून्यच यायला हवी. ते ५० खर्च झालेले नाहीत, तुमचीच मालमत्ता आहे फक्त दुसऱ्या खात्यात, हे यादीत कधीच दिसलं नसतं. नव्या माणसाला उत्पन्न मायनसमध्ये बघून धक्का बसतो (लेजरमध्ये ते तसंच दिसतं) पण शून्याचा नियम कळला की त्यात काही विचित्र वाटत नाही.

क्रेडिट कार्डावर तर यादी हमखास फसते. कार्डाने वस्तू घेतली तेव्हा एकदा खर्च लिहिला, बिल भरलं तेव्हा पुन्हा लिहिला, झाला दुप्पट! द्विनोंदी पद्धतीत कार्ड हे देण्याचं खातं, खरेदीच्या वेळी खर्च वाढतो आणि देणं वाढतं, बिल भरताना बँक कमी होते आणि देणं कमी होतं, खर्चाच्या खात्याला हातच लागत नाही. कर्जाच्या हप्त्याचंही तसंच. ५०० च्या हप्त्यात ३५० मुद्दल आणि १५० व्याज असेल तर खर्च फक्त १५०, बाकीचे कर्ज फेडण्यात गेले. अख्खा हप्ता खर्चात टाकणारा माणूस स्वतःच्या परिस्थितीबद्दल उगाच घाबरत असतो असं मला मनापासून वाटतं.

बेरीज शून्य आली नाही तर? ग्नूकॅश फरकाची रक्कम 'इम्बॅलन्स' नावाच्या खात्यात टाकून ठेवतं, म्हणजे चूक लपत नाही, समोर दिसत राहते. लेजरमध्ये शेवटच्या खात्यापुढची रक्कम रिकामी सोडली तर तो ती स्वतः काढतो, पण सगळ्या रकमा लिहूनही जुळत नसेल तर एरर देतो. एक मात्र सांगायला हवं, लेजरमध्ये खात्याच्या नावात स्पेलिंग चुकलं तर तो निमूट नवीन खातं तयार करतो, बीनकाउंट तसं करत नाही, तिथे खातं आधी तारीख घालून उघडावं लागतं. नवख्यांनी हा फरक बघूनच निवड करावी.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. ग्नूकॅश रक्कम दशांशात न ठेवता अंश आणि छेद असे दोन पूर्णांक ठेवतं, कारण कॉम्प्युटरला ०.१ सारखी साधी संख्यासुद्धा त्याच्या नेहमीच्या बायनरी पद्धतीत अचूक ठेवता येत नाही आणि हजारो नोंदींनंतर तो बारीक फरक बेरजेत दिसू शकतो. हिशोबाच्या बाबतीत एवढी काटेकोर काळजी घेणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे.

बँक स्टेटमेंटशी ताळा घालायची खूणही ग्नूकॅश पूर्ण व्यवहारावर नाही तर प्रत्येक स्प्लिटवर ठेवतं. का, तर एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवले की इकडच्या स्टेटमेंटमध्ये ते या महिन्यात दिसतात आणि तिकडच्यात कदाचित पुढच्या महिन्यात, मग दोन टोकांचा ताळा वेगवेगळ्या वेळीच लागणार ना.

तर विनंती एवढीच, तुमच्या पानावर कुणा जाणकाराकडून ह्यावर लेखमाला लिहून घ्या, आणि सुरुवात पगार, कार्ड आणि हप्ता ह्या तीन नोंदींपासून करा, नावे-जमाच्या व्याख्यांपासून नको, त्या वाचूनच लोकं पळतात.

आपली,
एक नियमित वाचक