९९९ रुपयांचा योगवर्ग महिना १,७०८ ला पडला, त्याबाबत तक्रार

मार्दोळ, गोवा
दि. ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फोंडा शाखेतील सकाळच्या योगवर्गाचे जादा घेतलेले आणि न विचारता कापलेले पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या फोंडा शाखेत ३ नोव्हेंबर २०२५ पासून सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या वर्गाला येते. पावसाळाभर जायांच्या माळा करायला वाकून बसायचं, त्यात पाठ धरली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर योगासनं करा म्हणून सांगितलं. फोंड्याच्या तिस्क नाक्यावर आपला फलक होता, ‘महिना फक्त ९९९ रुपये’. हीच जाहिरात फोनवरही दिसायची.

मी आमच्या स्वयंसाहाय्य गटाची वही लिहिते, त्यामुळे कुठलाही खर्च आधी कागदावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये माझ्या खात्यात येतात. त्यातून योग बसवायचा ठरवलं. घरखर्चाचे पैसे योगाला कशाला, असं नवऱ्याने विचारलं. म्हटलं, पाठ गेली तर हेच पैसे गोळ्यांना जातील. फी ९९९, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून १,०४९. बसला जाऊन-येऊन ३० रुपये, बारा दिवसांचे ३६०. झाले १,४०९. उरलेले ९१ रुपये गणेश चवथीसाठी साठवायच्या डब्यात. इतका साधा हिशेब होता.

काउंटरवर आल्यावर कळलं की महिन्याची फी महिन्याला घेत नाहीत, तीन महिन्यांची एकदम भरायची. ठीक आहे, म्हटलं, गटातून उचल घेतली. मग नोंदणीचे ५०० निघाले. मग चटई, पट्टा आणि टी-शर्ट यांचं किट ८५० रुपयांना, सक्तीचं. माझ्याकडे घरी चटई आहे असं सांगितलं, तर ‘काकी, सगळ्यांची एकसारखी लागते’. मग ॲपचे १४९. २,९९७ फी आणि ५०० नोंदणी मिळून ३,४९७ वर १८ टक्के कर, म्हणजे ६२९ रुपये ४६ पैसे. एकूण ५,१२५ रुपये ४६ पैसे. तिनाने भागा, महिन्याला १,७०८ होतात. फलकावर यातलं काहीच नव्हतं. त्या दिवशी पैसे घेऊन आलेच होते, मागे चारजणी रांगेत होत्या, म्हणून भरले. परत गेले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

कराचं आधी घेते, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. योगकेंद्रं, व्यायामशाळा, सलून यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला. पेपरात आलं होतं, टीव्हीवर आलं होतं. मी पैसे भरले नोव्हेंबरात. ५ टक्क्यांनी १७४ रुपये ८५ पैसे होतात, आपण ४५४ रुपये ६१ पैसे जास्त घेतले. आपल्या माणसाला विचारलं तर ‘सिस्टममध्ये तसंच आहे’ म्हणाला. बरं, व्हॉट्सॲपवर आलेल्या पावतीवर जीएसटी क्रमांक शोधला, तर तोही नाही. ज्याची जीएसटीत नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून हा कर घेताच येत नाही. तेव्हा एक तर क्रमांक असलेलं रीतसर बिल आणि वरचे ४५४.६१ द्या, नाही तर पूर्ण ६२९.४६ द्या.

आता वर्गांचं. शिक्षिकेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी लिहून ठेवते. बाई मन लावून शिकवतात, पाठ भिंतीला टेकवून पाय वर घ्यायला शिकवलं ते मी रोज घरी करते आणि सकाळी उठताना आता खाटेला धरावं लागत नाही. पण त्या किती दिवस मिळाल्या? महिन्याला बारा असे छत्तीस वर्ग कबूल केले होते. ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, १९ डिसेंबर आणि २६ जानेवारी या सुट्ट्या वगळूनही बरोबर छत्तीस दिवस भरतात, मी दिनदर्शिकेवर खुणा केल्या आहेत. २१ डिसेंबरच्या रात्री ग्रुपवर संदेश आला, शिक्षिका मांद्र्याच्या शिबिराला जात आहेत, वर्ग ५ जानेवारीपासून. सहा वर्ग गेले. डिसेंबर म्हणजे सीझन आणि किनाऱ्यावरचे पाहुणे आमच्यापेक्षा जास्त पैसे देतात, हे गोव्यात कोणी कोणाला सांगायला नको. पण मग आमचे सहा दिवस पुढे वाढवून द्यायचे होते. ‘पॅकेज पुढे ढकलता येत नाही’ असं उत्तर मिळालं. जानेवारीत आणखी पाच दिवस बाई नव्हत्या, तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीवर व्हिडिओ लावला. त्यात सांगणारी इंग्रजीत बोलत होती. आमच्यातल्या दोघींना सत्तरीच्या पुढे वय आहे, त्या व्हिडिओ बघून सर्वांगासन करायला निघाल्या होत्या, मीच थांबवलं.

फलकावरच्या भावाने एक वर्ग ८३ रुपयांचा होता. माणसाने शिकवलेले पंचवीसच वर्ग मिळाले, त्या हिशेबाने तो मला २०५ ला पडला.

आणि शेवटचं प्रकरण. ३ फेब्रुवारीला खात्यातून ३,६८५ रुपये ४६ पैसे गेले. पुढच्या तीन महिन्यांची फी, परत १८ टक्के कर, परत ॲपचे १४९. मी पुढे येणार असं कोणाला बोलले नव्हते. प्रवेशाच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने माझा फोन मागून घेतला आणि ‘ॲपची नोंदणी आहे, इथे पिन घाला’ म्हणाली. ती ऑटो-पेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी होती, हे मला भाचीने परवा दाखवलं. २ तारखेला बँकेचा संदेश आला होता, हे खरं. दिवसाला वीस संदेश येतात, त्यात तो मी वाचला नाही, तेवढी चूक माझी. पण न सांगता पिन घालून घेतला, ती चूक माझी नाही. भाचीने ऑटो-पे आता बंद केलं आहे. ४ तारखेला शाखेत फोन केला तर ‘नॉन-रिफंडेबल’ एवढा एक शब्द ऐकवला. ३ तारखेनंतर मी एकाही वर्गाला आलेले नाही.

आधी कमी किंमत दाखवून शेवटी एकेक आकार चढवणं, न मागितलेली वस्तू बिलात घालणं आणि वर्गणीत असं अडकवणं, या तिन्ही गोष्टी केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या पद्धती म्हणून नावानिशी दिल्या आहेत.

मला परत हवे आहेत ते असे : कापलेले ३,६८५.४६, कराचे ४५४.६१, बुडालेल्या सहा वर्गांचे ४९९.५०, किटचे ८५० आणि ॲपचे १४९, मिळून ५,६३८ रुपये ५७ पैसे. ॲप मी एकदाही उघडलं नाही. टीव्हीवरच्या पाच दिवसांचे आणि नोंदणीच्या ५०० चे पैसे मी मागत नाही. पंधरा दिवसांत रक्कम खात्यात आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही, त्यामुळे तो खर्च माझ्या वहीत बसतो.

किटची पिशवी फोडलेलीसुद्धा नाही. शुक्रवारी, १३ तारखेला बाजाराला येईन तेव्हा काउंटरवर आणून देते. मिळाल्याची सही आणि शिक्का द्यावा.

आपली,
फोंडा शाखेच्या सकाळच्या वर्गातील सभासद

सोबत : पावतीची प्रत, बँक खात्याचा उतारा, ग्रुपवरील २१ डिसेंबरच्या संदेशाचा फोटो, खुणा केलेल्या दिनदर्शिकेची पाने.