मुतारी, खुर्ची आणि सातवी ‘ब’

नाशिक

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. ‘खुर्ची मांडली की कला होत असेल, तर आमचं अख्खं मंगल कार्यालय म्युझियम!’ हसलो खरा, पण ते वाक्य चार दिवस डोक्यातून जाईना.

अरे, जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलाकाराने १९६५ मध्ये नुसती खुर्ची नव्हती मांडली. खुर्ची, बाजूला तिचाच तेवढ्याच आकाराचा फोटो आणि शब्दकोशातला ‘खुर्ची’चा अर्थ. आता यातली खुर्ची कुठली, सांग. आणि खुर्ची कुठलीही चालते, तुझ्या कार्यालयातलीसुद्धा.

असल्या कलेची मूळ भानगड १९१७ची, न्यूयॉर्कची. परीक्षक नाहीत, सहा डॉलर भरा आणि मांडा, असं प्रदर्शन. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने विकतची मुतारी आडवी करून, ‘आर. मट’ अशी सही ठोकून पाठवली. ती मांडली नाहीच! द्युशाँ स्वतः प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळावर होता, त्याने राजीनामा दिला. मूळ वस्तू पुढे हरवली. मला विचारशील तर त्यात निम्मी टवाळीच होती. वस्तूपेक्षा कल्पनेला मान देणाऱ्या या कलेला ‘कन्सेप्ट आर्ट’ हे नाव १९६१ मध्ये हेन्री फ्लिंट या अमेरिकन कलाकाराने काढलं: संगीताला जसा आवाज लागतो, तशा या कलेला कल्पना.

पण माझा आवडता माणूस म्हणजे अमेरिकन कलाकार सोल लविट. कल्पना हेच कला घडवणारं यंत्र, असं त्याने १९६७ मध्ये लिहिलं आणि पुढच्या वर्षापासून भिंतींवर चित्रं सुरू केली. पुढे पुढे तो फक्त सूचना लिहायचा, रेघा मारायचे दुसरेच. प्रदर्शन संपलं की भिंत रंगवून मोकळी. चित्र मात्र संपत नाही, सूचना आहे तोवर दुसऱ्या भिंतीवर पुन्हा निघतं. इथे जुन्या नाशकात सध्या रहाडी, म्हणजे रंगपंचमीला रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद, उकरायला घेतल्यात. वर्षभर त्यांच्यावरून स्कूटरी जातात, कुणाला खड्डा दिसत नाही. पण कुठे खणायचं आणि कुठला रंग घालायचा ते ठरलेलं. मला लविटच आठवला.

म्हणून सातवी ‘ब’च्या फळ्यावर लिहिलं: दहा सरळ रेघा. एकही दुसरीला शिवायची नाही. प्रत्येकीचं एक टोक कागदाच्या कडेला.

एकाने अर्ध्या मिनिटात कडेला दहा बारीक रेघा ओढल्या, कंगव्याच्या दातांसारख्या, आणि हाताची घडी घालून बसला. रागवणार कसा? नियम एकही मोडला नव्हता, पळवाट मीच ठेवलेली. शेजारची मुलगी तास संपला तरी पट्टी सरकवतेय. एकेक रेघ दुसरीच्या केसभर अलीकडे आणून थांबवलेली. तिच्या कागदावर नदीसारखं काहीतरी उतरलं होतं. मी ते लिहिलं नव्हतं.

मग कंगवेवाला म्हणाला, ‘‘सर, सूचना तुमची. मग मार्क कोणाला?’’

वह्या अजून तपासल्या नाहीत. रंगपंचमीला ये, तूच दे मार्क. जुने कपडे आण, मागच्या खेपेसारखा माझा सदरा मागू नकोस.

तुझा,
विज्या