अ‍ॅटिकमध्ये सेल्युलोज भरण्याआधी : मंदारला पत्र

एडिसन, न्यू जर्सी
सप्टेंबर

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझे फोटो नीट पाहिले. मिनियापोलिसची थंडी, १९५०च्या दशकातलं घर, अ‍ॅटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) जेमतेम चार इंच जुनाट फायबरग्लास, म्हणजे उष्णता अडवणारं काचतंतूंचं इन्सुलेशन, आणि पन्हळीला लटकलेले हातभर बर्फाचे सुळके. घरातली गरम हवा वर निसटते, छतावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी ओघळत छताच्या कडेशी येतं आणि तिथे थंडीने पुन्हा गोठतं. मागून येणारं पाणी बर्फाच्या त्या बांधाला अडून शिंगल्सच्या, म्हणजे छतावरच्या कौलांसारख्या चकत्यांच्या, खाली शिरतं. सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या चुऱ्याचं इन्सुलेशन, भरायचा तुझा बेत योग्यच आहे. पण त्यातलं निम्म्याहून जास्त काम तो माल फुंकणारं मशीन घरी आणण्याआधीचं आहे, आणि लोक नेमकं तेच टाळतात.

सुरुवातीला दोन गोष्टी बघ, कारण त्या निघाल्या तर सगळंच थांबवावं लागेल. फायबरग्लास उचलून खाली खडीसारखे, अभ्रकाची चमक असलेले करडे-सोनेरी दाणे दिसतात का ते पाहा. तो व्हर्मिक्युलाइट, जुन्या घरांत इन्सुलेशन म्हणून टाकलेलं खनिज. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक तंतूंचं खनिज असायचं, आणि तो माल तुझ्या मिनियापोलिसातच भाजून विकला जात असे, म्हणून तुला जास्त बजावतोय. दिसला तर हात लावू नकोस, झाडू तर मुळीच मारू नकोस; परवानाधारक माणसाला बोलाव. दुसरी गोष्ट वायरिंग. चिनी मातीच्या गुंड्यांवरून गेलेल्या जुन्या सुट्या वायरी असतील तर त्यांच्यावर इन्सुलेशन टाकायचं नाही. त्या तापतात, आणि ती उष्णता मोकळ्या हवेत जाईल या हिशेबानेच बसवलेल्या असतात. आधी इलेक्ट्रिशियन.

आता खरं काम, हवेची भोकं बुजवणं. सेल्युलोज उष्णता अडवतो, वाहणारी हवा फारशी अडवत नाही. भोकं तशीच ठेवून वर फूटभर माल टाकलास तर ओलसर गरम हवा त्यातून वर जाऊन छताच्या थंड फळ्यांना घाम आणेल, आणि दोन-चार हिवाळ्यांत बुरशी धरेल. गळती शोधायची सोपी खूण म्हणजे फायबरग्लासवरचे काळे डाग. वर जाणारी हवा तिथे गाळली जाऊन धूळ मागे राहते. आतल्या भिंतींच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडांत वायरींची भोकं असतील, संडासाच्या व्हेंट पाइपभोवती फट असेल, आणि स्वयंपाकघरात कपाटांवरचं छत खाली घेतलेलं असेल तर तिथे वरून हमखास अख्खा खड्डा उघडा मिळेल. पाव इंचापर्यंतच्या फटीला कॉक (नळीतून भरायचा लांबीसारखा लगदा), त्याहून मोठीला डब्यातला फोम, आणि खड्ड्याला ड्रायवॉलचा (जिप्समच्या तक्त्याचा) किंवा फोम बोर्डाचा तुकडा कापून कडांना फोम.

चिमणीपाशी मात्र फोम नको. तिथे पत्रा कापून लाकडाला ठोकायचा आणि विटांलगतची फट उष्णता सोसणाऱ्या कॉकने बंद करायची. शिवाय चिमणीभोवती पत्र्याचं कडं उभं कर, म्हणजे सेल्युलोज विटांपासून निदान दोन इंच लांब राहील. मालात बोरेट हे आग रोखणारं रसायन असतं, त्यामुळे तो भडकत नाही. पण शेवटी कागदच तो, धुमसू शकतो. छतातल्या खोल दिव्यांचंही तसंच. दिव्याच्या डब्यावर ‘आयसी’ (इन्सुलेशन भिडलं तरी चालतं, अशी खूण) लिहिलेलं नसेल तर चारी बाजूंनी तीन इंच मोकळे ठेवावे लागतात आणि वरूनही झाकता येत नाही. मी तर म्हणेन ते दिवे काढून हवाबंद आयसी एलईडी बसव. कडी करत बसण्यापेक्षा परवडतं. बाथरूमचा पंखा अ‍ॅटिकमध्येच वाफ सोडत असेल तर त्याचा पाइप छतातून बाहेर काढ.

एक सावधगिरी: तळघरातला गॅसचा वॉटर हीटर साध्या चिमणीत धूर सोडणारा असेल, तर भोकं बुजवल्यावर त्याचा धूर चिमणीतून नीट वर ओढला जातो का ते तपासून घे. घर घट्ट झालं की पंखे चालू असताना धूर उलटा घरात येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

छताच्या कडेला सॉफिटमधून, म्हणजे बाहेर आलेल्या कडेच्या तळातून, येणारी हवा चालू राहिली पाहिजे. छताच्या तिरप्या वाशांच्या, म्हणजे राफ्टरच्या, प्रत्येक गाळ्यात बॅफल (हवेची वाट मोकळी ठेवणारा पातळ तक्ता) स्टेपल कर. छताची फळी आणि बॅफल यांत निदान एक इंच वाट राहू दे, आणि बॅफलच्या खालच्या टोकाशी फोम बोर्डाचा तुकडा अडकव, नाहीतर माल सॉफिटमध्ये ओतला जाईल. राफ्टर १६ इंचांवर असतील तर साडेचौदा इंची बॅफल, २४ वर असतील तर साडेबावीस. हे काम पोटावर सरपटत करायचं आहे, खिळे डोक्याशी असतात, टोपी घाल.

अ‍ॅटिकच्या दाराभोवती प्लायवुडची चौकट उभी कर, भरावापेक्षा दोन इंच उंच. झाकणाच्या पाठीवर चार इंच फोम बोर्ड चिकटव, कडेला वेदरस्ट्रिप, म्हणजे फट बंद करणारी मऊ पट्टी. दर ३०० चौरस फुटांना भरावाची जाडी दाखवणारी एक कागदी मोजपट्टी लाकडाला ठोक, तोंड दाराकडे.

आता बॅगा. तुमच्या भागात चार इंच जुनं असेल तर वर आणखी आर-४९ टाकायला सांगतात (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप). सेल्युलोज इंचाला साधारण ३.६ देतो, म्हणजे बसल्यावर साडेतेरा-चौदा इंच. एक हजार चौरस फुटांना घनफुटाला दीड पौंड धरून सुमारे १७०० पौंड, म्हणजे २५ पौंडी ६८ बॅगा. बॅगेवर तक्ता छापलेला असतो: हव्या त्या आरसाठी हजार फुटांना किमान किती बॅगा, टाकताना जाडी किती, बसल्यावर किती. त्यातला बॅगांचा आकडा पाळ. मशीनची हवा वाढवून पिंजलेल्या कापसासारखा फुगवलेला माल पट्टीवर सोळा इंच दाखवतो आणि वर्षभरात दबतो. कंत्राटाने काम करणारेही काही जण याच युक्तीने बॅगा वाचवतात. निम्म्या क्षेत्रात निम्म्या बॅगा संपल्या की नाही, एवढं बघत राहा.

वजनाचाही विचार कर. हा भराव चौरस फुटाला १.७ पौंड पडतो. तुझ्या घरात जॉइस्ट, म्हणजे खोलीच्या छताला धरणाऱ्या आडव्या तुळया, १६ इंचांवर असण्याची शक्यता जास्त, तिथे काळजी नाही. पण ते २४ वर आणि खोलीचं छत साध्या अर्ध्या इंची ड्रायवॉलचं असेल तर १.३ च्या वर जाऊ नये, छत पोटासारखं सुटतं. तशा वेळी निम्मं फायबरग्लासने भागवावं.

माल घेताना निव्वळ बोरेटवाला घे. अमोनियम सल्फेट घातलेला स्वस्त असतो, पण ओल लागली की वास मारतो आणि धातू खातो. मोठ्या दुकानांत ठराविक बॅगांच्या खरेदीवर मशीन दिवसभर फुकट मिळतं. माल वर नेणारी होज (जाड नळी) शंभर फुटांची घे. काही मशिनांना दोन वायरी असतात, त्या दोन वेगळ्या सर्किटवर लाव. एकावर लावल्यास ब्रेकर पडत राहील. एक्स्टेंशन १२ गेजचीच.

दोन माणसं लागतात, तिसरं असेल तर उत्तम. खालच्याने बॅग अर्धी करून, हाताने फोडून टाकायची; अख्खा ठोकळा लोटला की होज तुंबते. तुंबली तर माल बंद, हवा चालू ठेव आणि होज बडवत जा. नाही सुटली तर सांधा उघड. वळणं मोठी ठेव, तिढा पडला की तिथेच अडतं. वरच्याने लांबच्या टोकापासून दाराकडे मागे सरकत यायचं, होज आडवी धरून माल सहा-आठ फूट पुढे पडू द्यायचा. बॅफलच्या दिशेने सरळ मारायचा नाही. फक्त जॉइस्टवर टाकलेल्या फळीवरून चाल. ड्रायवॉलवर पाय पडला की थेट बेडरूममध्ये. दोघांचे फोन स्पीकरवर असू देत, मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. एन-९५ मास्क आणि बंद गॉगल दोघांनीही घालायचे. खाली मशीनपाशीही बरीच धूळ असते. उन्हाळ्यात अ‍ॅटिक भट्टी होते, तेव्हा ऑक्टोबरातली सकाळ धर.

केंद्र सरकारची ३० टक्के करसवलत २०२५ अखेर संपली. गॅस कंपनीची रिबेट मात्र काम सुरू करण्याआधी विचार, काहींना आधी तपासणी लागते.

बाहेरच्या भिंतींबद्दल विचारलं होतंस. ते स्वतः करू नकोस. तिथे घनफुटाला साडेतीन पौंड दाबून भरावं लागतं. आठ फुटी, १६ इंची एका गाळ्यात जवळजवळ दहा पौंड. भाड्याच्या मशीनला तेवढा जोर नसतो. सैल भरलं की ते खाली बसतं आणि वर फूटभर पोकळी राहते, जी नंतर भिंत फोडल्याशिवाय दिसत नाही. शिवाय १९७८ च्या आधीचं घर, रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. भोकं पाडताना ती धूळ मुलांच्या खोलीत नको. त्यासाठी माणूस बोलाव, आणि घनता कशी मोजतोस ते त्याला विचार. उत्तर देताना चाचरला तर दुसरा बघ.

अ‍ॅटिकची लांबी-रुंदी, जॉइस्टचं अंतर आणि बॅगेवरच्या तक्त्याचा फोटो पाठव. ऑर्डर देण्याआधी हिशेब बघून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास