मोह गळतो मार्चमध्ये, खरेदी केंद्र उघडते कधी?

मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गडचिरोलीत मोह गळू लागला की पहाटे गावात कोणी सापडत नाही. ऊन चढायच्या आत फूल वेचले नाही तर गुरे आणि हरणे ते संपवतात. झाडाखाली पाल्याचा थर असतो, त्यात पिवळट फूल दिसत नाही. म्हणून आधी पाला पेटवतात. ही आग नीट विझली नाही की पुढे सरकते, आणि नवी रोपे, जमिनीवरची पाखरांची अंडी, सगळे होरपळते. मग 'वणवा लावणाऱ्यावर कारवाई' असा फलक लागतो. फलकाने पाला हटत नाही, साहेब.

झाडाखाली जाळी बांधली तर पाला पेटवायची गरजच उरत नाही. फूल मातीला लागत नाही, वेचणाऱ्या बाईची कंबरही वाचते. तरी जाळ्या फारशा दिसत नाहीत, कारण दारात येणारा व्यापारी स्वच्छ फुलाला आणि मातकट फुलाला एकच भाव देतो. जाळीचा खर्च कोणी कशाला करावा?

2020 मध्ये केंद्राने सुक्या मोहफुलाचा हमीभाव किलोला 17 वरून 30 रुपये केला. 2021 मध्ये राज्याने मोहफुलावरचे जुने निर्बंध उठवले. दोन्ही निर्णय चांगलेच. पण तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम सुरू व्हायच्या आधी घरात रोकड नसते. सरकारी खरेदीची वाट पाहणे ज्यांना परवडत नाही ते अर्धवट सुकलेले फूल मिळेल त्या भावाला देऊन टाकतात, आणि पावसाळ्यात तेच फूल चढ्या दराने विकत घेतात.

चारोळीचे याहून वाईट. जो थांबला तो हुकला, या भीतीने कच्ची फळे तोडली जातात, फांद्यांसकट. यावर उपाय एकच: तोडणीची तारीख ग्रामसभेने ठरवायची आणि सगळ्यांनी ती पाळायची. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावांना मोहफूल, चारोळी, तेंदूपान अशा गौण वनोपजाची मालकी आणि जंगल राखण्याचा अधिकार दोन्ही दिलेले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर खुटकटाई (नवी पाने फुटावीत म्हणून झुडपे छाटणे) आणि आगीने झाडे खराब होतात म्हणून तेंदूपानांची तोडणीच बंद केली, हक्काचे उत्पन्न सोडून. एवढा संयम कुठल्या आराखड्यात लिहून येत नाही, तो मालकीतून येतो. मात्र प्रत्येक गावाला असे उत्पन्न सोडणे झेपणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

म्हणून मागणे इतकेच. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना फेब्रुवारीतच खेळते भांडवल द्या, म्हणजे फूल गावातच तोलून पैसे हातोहात देता येतील. जाळीवरच्या स्वच्छ फुलाला वेगळा, चढा दर ठेवा. आणि खरेदीची तारीख जानेवारीत जाहीर करा, मे महिन्यात नको.

आपला,
धानोरा तालुक्यातील एका ग्रामसभेचा सदस्य