बुलेटच्या फाउंडेशनमध्ये रबर घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारसायकलींच्या देखभालीवर लेख आला. जुनी गाडी भंगारात न घालता चालती ठेवा, असे कोणीतरी लिहिते आहे हे वाचून फार बरे वाटले. पण इंजिनाची थरथर कमी करायला ‘फाउंडेशन बोल्टखाली (म्हणजे इंजिन चेसिसला धरणाऱ्या बोल्टखाली) रबरी वॉशर घाला’ असा जो सल्ला त्यात सरसकट दिला आहे, तो कास्ट आयर्न, म्हणजे जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या, बुलेटला घातक आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे गॅरेज आहे आणि याच गाड्या माझ्याकडे जास्त येतात, म्हणून हे पत्र.

या बुलेट ३५० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिलिमीटर. सिलिंडर एकच आणि थरथर मारणारा उलट वजनाचा दांडा, म्हणजे बॅलन्सर शाफ्ट, नाही. तो २०२० मध्ये मिटिऑरबरोबर आलेल्या नव्या इंजिनात मिळाला. पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो. त्या धक्क्याचा काही भाग इंजिनातल्या जड फिरत्या चकत्यांचे, म्हणजे फ्लायव्हीलचे, वजन खाते, सगळा नाही. सगळाच खायला लावला तर तोच धक्का पुढे-मागे बसू लागतो. त्यामुळे ही गाडी थोडी हलणारच. इंजिन आणि चेसिस एकजीव होऊन हलतात की इंजिन सुटे हलते, एवढेच आपण बघायचे.

आता चेसिसकडे बघा. पुढून उतरणारी नळी इंजिनापाशी येऊन संपते. खालून मागे जाणारी नळीच नाही. तिथे इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांना धरणाऱ्या प्लेटा हेच चेसिस. त्या जोडात रबर घातले म्हणजे चेसिसच ढिले केले. गाडी वळणावर डोलते आणि बोल्टांना रोज मार बसतो. ज्या गाड्यांना कंपनीतूनच इंजिनाला रबरी बुश येतात त्यांची गोष्ट वेगळी. तिथे कडक झालेले बुश बदलले की काम होते.

गेल्या हिवाळ्यात कागलचे एक निवृत्त गुरुजी बुलेट घेऊन आले. हातांना मुंग्या, आरशात मागचे काही दिसत नाही, नंबर प्लेट कडेला तडकलेली. दुसरीकडे त्यांना इंजिन खोलायला सांगितले होते. मी आधी मागच्या प्लेटचे बोल्ट पाहिले. एका नटाभोवती विटेच्या चुऱ्यासारखी तांबूस भुकटी होती. साधा गंज पुसला की लगेच परत येत नाही. ही भुकटी मात्र पुसून गाडी जरा लांब फिरवून आणली की पुन्हा हजर, कारण लोखंडावर लोखंड घासून ती पडते. बोल्ट काढला तर प्लेटमधले भोक लांबट झालेले. वर हेडला चेसिसशी बांधणारी पट्टी, म्हणजे हेड स्टे, जागेवरच नव्हती. कधीतरी हेड उतरवताना काढली असेल आणि परत लावायची राहिली. भोके भरून नव्याने पाडली, स्टड नवे टाकले, हेड स्टे लावला. क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या धक्क्याने फिरणाऱ्या इंजिनातल्या मुख्य दांड्याला, हातही लावला नाही. गाडी शांत झाली.

कसण्याचीही पद्धत आहे. सगळे बोल्ट आधी सैल करावेत, इंजिन आपसूक जागेवर बसू द्यावे, मग कसावेत. हेड स्टे सर्वांत शेवटी. तिथे फट राहत असेल तर ती वॉशरने भरावी. बोल्टाने ओढून मिटवली की हेडवर ताण राहतो.

इंजिनच दोषी आहे का, हे घरच्या घरीही कळते. मोकळ्या सरळ रस्त्यावर थरथर सुरू झाली की क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडावा. थरथर गेली तर इंजिन. राहिली तर चाक, टायर, नाहीतर चेन. इंजिन निघाले तर आधी बारीक गोष्टी बघाव्यात. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. थंड इंजिनावर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. ठिणगीचे टायमिंग फार पुढे गेले तरी इंजिन धक्के देते. पुढचे स्प्रॉकेट एका दाताने मोठे घातले तर त्याच वेगाला इंजिन कमी फिरते, पण घाट चढताना दम जातो. मी ते सुचवत नाही.

एवढे सगळे ठीक असूनही थरथर असेल, आणि विशेषतः पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे किट बदलल्यावर सुरू झाली असेल, तर मात्र क्रँक डायलवर, म्हणजे वाकडेपणा मोजणाऱ्या घड्याळावर, फिरवून बघावा. दोन फ्लायव्हील एका सेंटरमध्ये नसतील तर बाहेरून काहीही करून उपयोग नाही. डायलचा काटा बघत, तांब्याच्या हातोड्याने एकेक ठोका देऊन क्रँक सरळ करणारे कारागीर आमच्याकडे अजून आहेत. त्यांच्या हाताखाली शिकायला पोरे येत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

तरी येत्या रविवारी त्याच पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती. ज्यांनी लेख वाचून रबर घातले असेल त्यांनी ते काढावे, प्लेटांची भोके आणि चेसिसचे कान (बोल्ट बसतात ते जोड) तडकले नाहीत ना ते तपासून घ्यावे आणि मगच गाडी आंबा घाटात न्यावी.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर